घरात वचन कोणी कोणाला ऐकवायचं? एका आईच्या प्रश्नाला उत्तर

ताई, सलाम. तुमचा प्रश्न तीनदा वाचला आणि मुद्दाम दोन दिवस थांबून लिहितेय, कारण विचारलाय एक प्रश्न पण त्यात तीन-चार प्रश्न एकमेकांत अडकलेत. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई कांजूरमार्गला वन रूम किचनमध्ये राहतात, घरात नवरा, सासूबाई, अकरावीतला सोळा वर्षांचा मुलगा आणि लहान मुलगी. मुलगा सहा महिने झाले चर्चला येत नाहीये, दर रविवारी सकाळी त्यावरून घरात तमाशा होतो, आणि मागच्या महिन्यात नवऱ्याने बेल्ट काढला, मारता मारता बायबलच्या नीतिसूत्रातलं, मुलाला छडी मारायला सांगणारं वचनही म्हणून दाखवलं. सासूबाई म्हणतात आईनेच पोराला डोक्यावर बसवलंय. ताई पाळकसाहेबांकडे गेल्या तर तिथे ऐकायला मिळालं की क्षमा करा, प्रार्थना करा, घरातली गोष्ट घरात ठेवा. आता त्या विचारतात, ख्रिस्ती बाई म्हणून मी हे सगळं सोसत राहायचं का, क्षमा केली म्हणजे उद्या परत बेल्ट काढू द्यायचा का, नवऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर रोज वचनं टाकते तरी काही फरक नाही, आणि मुलाला देवाकडे परत आणू कसं.

मी आधी शाळेत शिक्षिका होते, नंतर काउन्सेलिंग शिकले आणि गेली २२ वर्षं मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांबरोबरच काम करतेय, भायखळ्यापासून पार विरारपर्यंत. त्या अनुभवावरून लिहिते.

सगळ्यात आधी बेल्ट. तो आजपासून बंद. बाकी सगळ्या गोष्टी हळूहळू, समजुतीने, प्रार्थनेने होतील पण ही एक गोष्ट हळूहळू होत नसते. मुलाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्यानेच त्याला मारहाण केली, छळलं तर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, आणि बाप आहे म्हणून सूट नाही. १०९८ हा नंबर मुलांसाठीच आहे, दिवसरात्र चालतो, मुलगा स्वतः करू शकतो, तुम्ही करू शकता, शेजारीणही करू शकते. हा नंबर मुलाला माहीत असू दे. नवऱ्याला धमकी द्यायला म्हणून नाही सांगत, पोराला कळलं पाहिजे की आपल्या बाजूने कोणीतरी आहे.

आता वचनाचं बोलते, कारण तुमच्या घरातलं खरं दुखणं मला तिथे दिसतंय.

आम्ही लहानपणी चाळीत राहायचो तेव्हा पोस्टमन सगळ्या मजल्यांची पत्रं खाली जिन्याजवळच्या बाकड्यावर ठेवून जायचा. एकाच आडनावाची चार बिऱ्हाडं, मग कोणाचं पत्र कोण फोडायचं, आणि वाचून झाल्यावर त्या घरी जाऊन सांगायचं की अहो तुमच्या गावावरून असं असं आलंय, तुम्ही असं करायला पाहिजे. ख्रिस्ती घरांमध्ये मी वर्षानुवर्षं हेच बघतेय. इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय उघडून बघा. पहिल्या तीन ओळी मुलांच्या नावाने आहेत, आईबापाचं ऐका, त्यांचा मान राखा. चौथी ओळ बापाच्या नावाने आहे, मुलांना चिरडीस आणू नका. माझ्याकडे आलेल्या किती बापांना पहिल्या तीन ओळी तोंडपाठ असतात, आणि चौथी विचारली की शांत बसतात. आईबापाचा मान ठेव हे पत्र मुलाचं आहे, ते त्याने फोडायचं, बापाचं पत्र त्याच्याच पुढ्यात न फोडलेलं पडलंय. पाचव्या अध्यायाचंही तेच, बायकांनी अधीन असावं हे नवरे वाचून दाखवतात, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं नवऱ्याने बायकोसाठी द्यावं हे बायका वाचून दाखवतात, आणि त्या दोन्हींच्या आधीची एकविसावी ओळ, सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन असा, ती कोणीच वाचत नाही कारण त्यात दुसऱ्याला सुनावता येण्यासारखं काही नाही.

आणि ताई, थोडं कडू वाटेल पण मनापासून सांगते. नवऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर तुम्ही जी वचनं टाकता, तेही त्यांचंच पत्र तुम्ही फोडणं आहे. तो माणूस दिवसभर कामावर मरमर करतो, मधल्या सुट्टीत मोबाईल उघडतो आणि बायकोने शास्त्र हातात घेऊन त्याच्यावर रोखलेलं दिसतं. तुमचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही. पण तुमच्या घरात सध्या सासूबाई तुम्हाला, नवरा मुलाला आणि तुम्ही नवऱ्याला वचन ऐकवताय, आणि मुलगा हे सगळं बघतोय. सोळा वर्षांच्या पोराच्या डोक्यात शास्त्र म्हणजे मोठ्या माणसांनी एकमेकांना मारायची वस्तू असं बसलं तर तो रविवारी भिंतीकडे तोंड करूनच झोपणार.

छडीच्या वचनाबद्दल नवऱ्याचं म्हणणं सरळ खोडून काढू नका, कारण छडीचा उल्लेख नीतिसूत्रात आहे, एकदा नाही, बऱ्याचदा आहे, आणि ते नाकारून काही मिळत नाही. पण नीट बघितलं तर तिथे छडीसाठी जो इब्री शब्द आहे, शेवेट, तोच तेविसाव्या स्तोत्रात आहे. मेंढपाळाची ती काठी, जिच्याबद्दल दावीद म्हणतो की ती मला धीर देते. मेंढपाळ ती काठी मेंढराच्या पाठीवर तोडत नाही, लांडगा आला की ती उचलतो. बापाच्या हातात काठी बघून पोराला धीर येतो की घाम फुटतो, एवढं प्रत्येक बापाने स्वतःला विचारावं. आणि प्रेषित पौलाने इफिसकरांस ते पत्र लिहिलं तेव्हाचा काळ बघा, रोमी कायद्यात बापाला पोटच्या मुलाच्या जिवावर सुद्धा हक्क होता, अशा जगात बापांना उद्देशून तुम्ही मुलांना चिरडीस आणू नका असं लिहिणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट होती. येशूने लहान मुलांना जवळ घेतलं, कवेत घेतलं, त्यांना अडवणाऱ्या शिष्यांवर तो रागावला. त्याने पोरांवर हात उगारल्याचं शुभवर्तमानात कुठेही नाही.

लालबागच्या एका चाळीतलं एक कुटुंब सांगते, त्यांना विचारून सांगतेय आणि ओळख पटेल असं काही लिहित नाही. बाप रात्रपाळी करणारा, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा, गायनात आवाज पहाडी. मुलगा पंधराचा. एका शनिवारी रात्री मोबाईलवरून वाजलं आणि बापाने त्याला इतकं मारलं की शेजारी मधे पडले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता नळाला पाणी आलं, त्या घरात पाणी भरायचं काम बाप आणि मुलगा मिळून करायचे, बाप आत पिंपाजवळ आणि पोरगा दारात पाईप धरून. रात्रभर बाप झोपला नव्हता. तो पिंपाकडे बघतच म्हणाला, काल माझं चुकलं. नळाच्या आवाजात पोराला ऐकू गेलं नाही. त्याने पाईप मधेच दुमडून घट्ट धरला, पाणी थांबलं, आणि म्हणाला, काय? आता बापाला तेच परत, वर बघून, मोठ्याने म्हणावं लागलं. मला तो बाप सांगत होता की मॅडम पहिल्यांदा म्हणणं सोपं होतं, दुसऱ्यांदा म्हणताना माझे पाय कापत होते. पोरगा काहीच बोलला नाही, पाईप सोडला, पिंप भरलं. त्या रविवारी पोरगा चर्चला आला नाही, त्यानंतर दीड वर्ष आला नाही. पण त्या आठवड्यापासून तो रात्री बापाबरोबर ताट घेऊन बसायला लागला. मी जेव्हा कोणाला विचारते की तुमच्या घरात ख्रिस्त कुठे दिसतो तेव्हा माझ्या डोळ्यासमोर ती दुमडलेली नळी येते. लेकराची क्षमा मागणं हे आपल्याकडे बापाला कमीपणाचं वाटतं, आईलाही वाटतं, पण आपण पोरांना पापकबुली शिकवतो ना, मग ती त्यांनी बघायची कुठे?

आता मुलाचं. तो का येत नाही हे तुमच्या अख्ख्या प्रश्नात कुठेच नाहीये. तुम्ही लिहिलंय मोबाईल, मित्र, वय. पण त्याने स्वतः काय सांगितलं ते नाहीये, म्हणजे बहुतेक कोणी विचारलंच नाही. माझ्या अनुभवात पोरांची कारणं मोठ्यांना वाटतात तशी नसतात. दहावीचे मार्क कमी आले आणि भक्तीनंतर अंगणात सगळ्या काकवा मार्कच विचारत होत्या म्हणून एक मुलगी यायची बंद झाली. एकाला तरुण संघातली पोरं त्याच्या तोतरेपणावरून चिडवायची. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं कारण म्हणजे, पप्पा चर्चमध्ये वेगळे असतात. रविवारी सकाळी साडेसातला घरात शिव्या, इस्त्री आपटणं, आणि साडेआठला तेच तोंड स्तोत्र गातंय, हे पोराच्या पोटात मावत नाही. त्याला विश्वासाचं वावडं नसतं, खोटेपणाचं असतं.

त्याला घरात विचारू नका, घरात आजी आहे, बहीण आहे, पडद्यापलीकडे बाप आहे. भाजी आणायला म्हणून बरोबर घ्या, स्टेशनपर्यंत चालत जा, शेजारी शेजारी चालताना मुलं बोलतात, समोरासमोर बसवलं की गप्प होतात. का येत नाहीस असं विचारू नका, चर्चमध्ये तुला काय खुपतं असं विचारा, आणि तो जे सांगेल त्यावर तिथल्या तिथे उत्तर देऊ नका. हेही विचारायलाच लागतं, की तिथे कोणी तुझ्याशी घाणेरडं वागलं का, हात लावला का. तसं काही निघालं तर ते कमिटीत मिटवायचं नसतं, पॉक्सो हा मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा २०१२ चा आहे, त्यात माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, मग समोरचा कितीही मोठा सेवक असू दे. आणि जर तो दिवसदिवस झोपून असेल, जेवण तुटलं असेल, जगून काय करायचं असं काही बोलला असेल तर ती बंडखोरी समजू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. डिप्रेशनवर उपचार घेणं म्हणजे विश्वास कमी पडला असं म्हणणारी माणसं आपल्यात अजून आहेत, त्यांचं ऐकू नका.

येशू बारा वर्षांचा असतानाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, सणाला यरुशलेमेला गेले आणि तो मागे राहिला, तीन दिवसांनी सापडला मंदिरात. तीन दिवस ताई! आपल्या मुलाला यायला तीन तास उशीर झाला तर आपलं काय होतं. मरीयेने विचारलं, बाळा तू आमच्याशी असा का वागलास, तुझा बाप आणि मी कष्टी होऊन तुला शोधत होतो. तिने दुःख लपवलं नाही, पण प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून घेतलं. लूक पुढे स्पष्ट लिहितो की त्याचं उत्तर आईबापाला समजलं नाही. समजलं नाही तरी तिने ते मनात जपून ठेवलं. पोराचं सगळं आज समजलंच पाहिजे असा हट्ट मरीयेनेही केला नाही.

रविवारची ओढाताण मी तरी बंद करायला सांगेन. सोळा वर्षांच्या मुलाला हाताला धरून बाकावर बसवता येतं, भक्ती करायला लावता येत नाही. घराचे नियम ठेवा, कुठे जातोय ते सांगून जायचं, रात्री जेवायला घरी, आजीशी उलटं बोलायचं नाही, ते ठामपणे ठेवा, त्यात ढिलाई नको. पण चर्च हा त्या यादीतला नियम करू नका. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचनं मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितलीत ती कधी, तर घरी बसलेलं असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. म्हणजे आपल्या भाषेत पाणी भरताना, लोकलमधे, अंथरुणं टाकताना. आणि त्याच अध्यायात पुढे विसाव्या ओळीत काय आहे बघा, पुढे तुझा मुलगा तुला विचारील की ह्याचा अर्थ काय, तेव्हा त्याला सांग. शास्त्राने धरूनच चाललंय की पोरगा विचारणार. आपण मात्र त्याने विचारलं की तो बिघडला म्हणतो.

संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना चालू असेल तर पाच मिनिटांचीच ठेवा, आणि हात जोडून सांगते, प्रार्थनेत टोमणे मारू नका. हे प्रभू, या घरातल्या एकाला सद्बुद्धी दे, हे सगळ्यांना कळतं कोणाबद्दल आहे. डोळे मिटून केलेला अपमान पोरं विसरत नाहीत. त्यापेक्षा मोठ्यांनी त्या दिवशीची आपली स्वतःची एक चूक नाव घेऊन सांगावी, बस. मुलगा त्या वेळी कॉटवर मोबाईल घेऊन पडला असेल तर पडू दे, खोली एकच आहे, त्याच्या कानावर पडतंय.

विश्वासाची जबरदस्ती होत नाही हे आपल्या मराठी मंडळीला तर वेगळं सांगायला नको. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या, संसार तुटला, वर्षानुवर्षं दोघं वेगळे राहिले. पुढे एकत्र आले तरी लक्ष्मीबाई आपलं सोवळं-ओवळं सांभाळूनच राहत होत्या आणि टिळकांनी त्यांना ओढलं नाही. त्या स्वतःच्या पायाने आल्या, १९०० साली. एवढ्या मोठ्या कवीला बायकोला वचनं ऐकवता आली नसती का?

आता क्षमेचं, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त जखम तिथे झालीये असं मला वाटतं. क्षमा करा हे पाळकसाहेबांनी बरोबर सांगितलं. घरात ठेवा हे चूक सांगितलं. क्षमा आणि परत तसंच वागायची मुभा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शास्त्रातच वेगळ्या आहेत. राजा शौल दावीदाच्या जिवावर उठला होता. दावीदाला दोनदा संधी मिळाली, एकदा एन-गेदीच्या गुहेत आणि एकदा रात्री शौल झोपलेला असताना, दोन्ही वेळा त्याने हात लावला नाही, म्हणजे क्षमा पुरेपूर केली. दुसऱ्या वेळी शौल म्हणाला, माझ्या मुला दावीदा, परत ये, मी तुझं वाईट करणार नाही. दावीद गेला का? नाही. राजाचा भाला त्याने परत दिला पण तो द्यायलाही स्वतः गेला नाही, तुझा एखादा माणूस पाठव आणि घेऊन जा म्हणाला, आणि आपल्या वाटेने निघून गेला. १ शमुवेल २६, आज रात्री वाचा. याकोब आणि एसाव हे दुरावलेले सख्खे भाऊ गळ्यात पडून रडले, आणि त्यानंतर एक सेईरला गेला आणि एक सुक्कोथला, एका घरात राहिले नाहीत. क्षमा तुम्ही आज देऊ शकता, ती तुमच्या हातात आहे. विश्वास समोरच्याने वागून कमवायचा असतो, त्याला महिने लागतात, कधी वर्षं. रोमकरांस पत्रात पौलही म्हणतो शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितकं, शांतीने राहा. दोन अटी त्याने स्वतःच घातल्यात.

माझं स्वतःचं सांगते. आमच्या चाळीच्या रीडेव्हलपमेंटमधे खोलीवरून माझं आणि माझ्या सख्ख्या भावाचं बिनसलं, कागद मला न दाखवता झाले, नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. मत्तय पाचमधलं ते वचन, वेदीजवळ अर्पण ठेवताना भावाची आठवण झाली तर आधी जाऊन समेट कर, मी प्रत्येक वेळी वाचताना मनात म्हणायचे की हे त्याने वाचायला पाहिजे. एकदा प्रभुभोजनाच्या वेळी पेला हातात होता आणि लक्षात आलं की तिथे लिहिलंय, तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे हे त्या ओळीत नाहीच. आणि त्याच्या मनात होतं, मी आईच्या मयतीला सगळ्या नातेवाइकांसमोर त्याला चोर म्हटलं होतं. पत्र माझं होतं. मी नालासोपाऱ्याला त्याच्या घरी गेले, फक्त माझ्या भागाची क्षमा मागितली, खोलीचा विषय काढला नाही. त्याने त्याच्या भागाची मागितली नाही, आजपर्यंत नाही. नाताळात आमच्या करंज्या त्याच्याकडे जातात, वहिनीच्या चकल्या आमच्याकडे येतात. पैशाचा, कागदाचा व्यवहार मात्र मी त्याच्याशी करत नाही, आणि हे करताना मला देवासमोर अपराधी वाटत नाही.

नवऱ्याशी बोलायचं तर मत्तय अठरामधे रीत दिलीये, आधी एकांतात. वन रूम किचनमध्ये एकांत कुठला, म्हणून बाहेर पडा, तुम्हाला पवई तलाव जवळ आहे, संध्याकाळी कठड्यावर बसा. तिथे एकही वचन वापरू नका. तुमच्या शब्दांत सांगा, तुम्ही बेल्ट काढला तेव्हा मला तुमची भीती वाटली, हे परत झालं तर मी गप्प बसणार नाही. एवढंच. ऐकलं नाही तर एक-दोन माणसं बरोबर घ्या, ज्यांचा शब्द ते मानतात अशी, त्यांचा थोरला भाऊ, चर्चमधले एखादे जुने वडील. तरीही हात उठला तर घरातली गोष्ट घरात राहत नाही ताई, तोपर्यंत ती घराबाहेर गेलेलीच असते, शेजाऱ्यांना माहीत असते, फक्त मदत करणाऱ्यांना माहीत नसते. १८१ हा बायकांसाठीचा नंबर आहे. मुंबई पोलिसांबरोबर १९८४ पासून टिस्सने, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने, सुरू केलेला महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष आहे, तिथे सोशल वर्कर बसतात, लगेच केस करा असं म्हणत नाहीत, आधी ऐकून घेतात. आणि खोली सासूबाईंच्या नावावर आहे म्हणून तुम्ही घाबरता असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाईला राहत्या घरात राहायचा हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो, आणि सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घरही त्यात येऊ शकतं हे सुप्रीम कोर्टाने २०२० साली सांगितलंय.

सासूबाईंबद्दल एक करून बघा. त्या टोमणे मारतील तेव्हा नाही, एखाद्या दुपारी भाजी निवडताना विचारा, आई, ह्यांना लहानपणी कोणी मारायचं का हो. अशाच एका आजींनी मला सांगितलं होतं, त्याचा बाप पट्ट्याने मारायचा आणि मी स्टोव्हला पिन मारत बसायचे, मागे वळायचे नाही. सत्तरीच्या बाई, पदर डोळ्याला लावून रडल्या, त्यानंतर सुनेला त्यांनी बोलणं थांबवलं असं नाही, पण नातवावर हात उठला त्या दिवशी त्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. तुमच्या सासूबाईंचं काय निघेल मला माहीत नाही. विचारा मात्र.

आणि एक राहिलं. तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात धाकट्या मुलीबद्दल एकच ओळ आहे, ती शहाणी आहे, काही त्रास देत नाही. खोली एकच आहे ताई. ज्या दिवशी बेल्ट निघाला त्या दिवशी ती कुठे बसली होती? आज रात्री अंथरूण घालताना तिला जवळ घ्या आणि तिलाच विचारा.